रागांचा चितारलेला मुलूख

राग ऐकायचा असतो, हे आपण गृहीत धरतो. जुन्या चित्रकारांनी तो वसवलासुद्धा. रागमाला चित्रांत प्रत्येक रागाला स्वतःचा मुलूख असतो: तिथला ऋतू, प्रहर, झाडं, जनावरं आणि माणसं ठरलेली. रागांच्या वर्गीकरणाच्या जुन्या मतांपैकी हनुमन्मतानुसार भैरव, मालकंस, हिंदोल, दीपक, श्री आणि मेघ हे सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिण्या, जणू त्याच्या पत्नी. म्हणजे छत्तीस चित्रं. अर्थात इतर मतांत ही नावं बदलतात, तेव्हा यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही.

तोडीचं चित्र पाहा. रानात वीणा घेतलेली स्त्री आणि सुरांना भुलून तिच्याभोवती जमलेली हरणं. आसावरीत चंदनाचं झाड, नाग आणि मोरपिसं नेसलेली रानातली बाई. हिंदोलात झोपाळा, मेघात दाटलेलं आभाळ. स्वरलिपी मात्र कुठेच नाही. चित्र पाहून राग गाता येणार नाही, त्याचा भाव तेवढा कळेल.

दख्खनमध्ये सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशी चित्रं आढळतात. सतराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगरात मुघलांची छावणी होती, आणि फौजेबरोबर राजपूत सरदारही आले. त्यांच्या आश्रयाने इथे पोथ्या चितारल्या गेल्या. नायक-नायिकांचे प्रकार सांगणाऱ्या ‘रसमंजरी’ची 1650 ची सचित्र प्रत त्यांतलीच. राजस्थानी मांडणी आणि दख्खनी रंग तिथे एका पानावर आले.

आजचे गायक सकाळी तोडी गातात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हरणं असतीलच असं नाही. विसाव्या शतकात संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी राग दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या चौकटींत, बसवले, आणि तिथे राग-रागिणींच्या या कुटुंबाला जागा उरली नाही.