फोनमधली जागा आणि फोनची किल्ली

जत तालुक्यात शाळू गुडघ्याला लागला की शेतकऱ्याला एक सरकारी काम उरकावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोनमधील अ‍ॅपमध्ये पिकाची नोंद करतो, पिकाचे छायाचित्र काढतो, आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढते. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई या सर्वांशी सातबाऱ्यावरील पिकाचा संबंध येतो. आता नेमक्या त्याच वेळी फोनने ‘जागा अपुरी आहे’ असे सांगितले तर? अ‍ॅपची नवी आवृत्ती उतरत नाही, छायाचित्र साठत नाही. मग घरातील हायस्कुलात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हाक मारली जाते.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, “सेटिंगमध्ये जा आणि अ‍ॅपचे सगळे पुसून टाक.” दुसरा जरा जाणकार म्हणवणाऱ्या मित्राचा असतो, “फोन रूट कर, कंपनीने घातलेली नको ती अ‍ॅप्स काढून टाक, जागाच जागा होईल.” हे सल्ले पारखण्यापूर्वी फोन माहिती कशात आणि कशी ठेवतो ते पाहू.

फोनच्या पोटात फिरणारी तबकडी नसते. तेथे फ्लॅश जातीची स्मृती असते. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती शोधून काढली आणि १९८४ मध्ये तिच्याविषयीचा निबंध सादर केला. या स्मृतीच्या सिलिकॉन चिपेत अब्जावधी कोष्ठे असतात. प्रत्येक कोष्ठात सिलिकॉन डाय-ऑक्साइडच्या विद्युत्‌रोधक थराआड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवण्याची सोय केलेली असते. हा थर केवळ काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. त्यावर १५-२० व्होल्टचा विद्युत्‌दाब दिला की इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. भिंतीवरून उडी मारून नव्हे, तर भिंतीतूनच! पुंजयामिकीत याला बोगदा परिणाम म्हणतात. दाब काढून घेतला की इलेक्ट्रॉन आत अडकून राहतात आणि फोन बंद असला तरी वर्षानुवर्षे तेथेच असतात. ते किती आहेत यावरून कोष्ठात ० लिहिला आहे की १ हे कळते. आईचा फोटो, शाळूचा फोटो, सगळे म्हणजे असे कोंडलेले इलेक्ट्रॉन.

येथे एक मेख आहे. लिहिताना काही किलोबाइटांचे एकेक पान लिहिता येते, पण पुसताना एकेक पान पुसता येत नाही. शेकडो पानांचा अख्खा ठोकळा एकदम पुसावा लागतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एका झटक्यात. हे नाव त्यावरूनच पडले. समजा, ३०० पानांच्या एका ठोकळ्यातील २०० पाने तुम्ही रद्द केली. उरलेली १०० कामाची पाने दुसऱ्या मोकळ्या ठोकळ्यात उतरवून घेतल्याशिवाय पहिला ठोकळा पुसता येत नाही. स्मृतीबरोबर असलेला नियंत्रक हा खटाटोप आपल्या नकळत करीत असतो. मोकळे ठोकळे थोडेच उरले की त्याची ओढाताण होते, आणि काठोकाठ भरलेला फोन रखडू लागतो. आपण म्हणतो, “फोन जुना झाला.” बऱ्याचदा तो जुना झालेला नसतो, त्याला हात हलवायला जागा उरलेली नसते.

आता या स्मृतीची वाटणी. सांगली जिल्ह्यात बेदाण्याची शीतगृहे आहेत. इमारत एकच, पण आत भिंती घालून खोल्या पाडलेल्या. प्रत्येकाच्या मालाची नोंद वेगळी, एकाचा माल दुसऱ्याला उचलता येत नाही, आणि सगळ्या कुलपांच्या किल्ल्या फक्त व्यवस्थापकाकडे. अँड्रॉइड फोनची मांडणी बरीचशी अशीच असते. एका खोलीत कंपनीने भरलेली मूळ प्रणाली असते. ती केवळ वाचण्यापुरती उघडी. एका लहानशा खोलीत फोन चालू होताना लागणारा कार्यक्रम असतो. तिसरी आणि सर्वांत मोठी खोली तुमची. तुम्ही घेतलेली अ‍ॅप्स, छायाचित्रे, संदेश हे सारे तेथे जाते. खोक्यावर ३२ गिगाबाइट लिहिलेले असले तरी तुमच्या खोलीच्या वाट्याला त्याहून बरेच कमी येते ते याच कारणाने.

खोलीतील कप्प्यांना कुलपे कशी लावतात हेही मोठे गमतीचे आहे. अँड्रॉइडचा गाभा म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स, आणि लिनक्सपुढे आदर्श होता युनिक्सचा. युनिक्सच्या काळी एकाच संगणकावर अनेक माणसे काम करीत, म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असे. फोन तर एकाच माणसाचा! मग अँड्रॉइडच्या कर्त्यांनी माणसांऐवजी अ‍ॅप्सना क्रमांक दिले, १०,००० पासून पुढे. एका क्रमांकाच्या अ‍ॅपला दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावता येत नाही. क्रमांक ० मात्र व्यवस्थापकाचा. त्यालाच रूट म्हणतात. फोन विकताना कंपनी ही किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही.

आता पहिला सल्ला तपासू. अ‍ॅपच्या कप्प्यात दोन तऱ्हेचा माल असतो. कॅशे म्हणजे पुन्हा आणता येईल असा, सोयीसाठी जवळ ठेवलेला माल. तो पुसला तर फार तर अ‍ॅप पहिल्या वेळी सावकाश उघडेल. दुसरा माल म्हणजे अ‍ॅपची स्वतःची वही. सेटिंगमध्ये ‘कॅशे साफ करा’ आणि ‘स्टोरेज साफ करा’ अशी दोन बटणे शेजारी शेजारी असतात. दुसरे दाबले की वहीच फाटते. ई-पीक पाहणीत शेतात नेटवर्क नसेल तर भरलेली माहिती आधी फोनमध्येच थांबते, आणि नेटवर्क मिळाल्यावर ती पुढे पाठवावी लागते. पाठवण्यापूर्वी कोणी स्टोरेज साफ केले, किंवा अ‍ॅप काढून पुन्हा घेतले, तर ती नोंद गेली. पुन्हा शेतात जावे लागणार, आणि मुदत टळून गेली असेल तर सातबारा त्या हंगामापुरता कोराही राहू शकतो. तेव्हा आधी माहिती पाठवा आणि मगच साफसफाईला हात घाला.

दुसरा सल्ला रूट करण्याचा. माझे स्पष्ट मत असे की जागेच्या अडचणीवर हा उपायच नव्हे. कंपनीने घातलेली अ‍ॅप्स पहिल्या खोलीत असतात. व्यवस्थापकाची किल्ली मिळवून ती काढली तर पहिल्या खोलीत जागा होईल; मधली भिंत सरकून तुमची खोली मोठी होणार नाही. त्या अ‍ॅप्सच्या सुधारित आवृत्त्या मात्र तुमच्या खोलीत येऊन बसतात. सेटिंगमध्ये ‘अपडेट काढा’ म्हटले की ती जागा सुटते, आणि त्याला रूट लागत नाही. उलट रूट करण्यासाठी बहुतेक फोनांत प्रथम बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते, आणि ते उघडताना तुमची सगळी खोली मुद्दाम पुसली जाते. चोरट्याला तुमचा माल मिळू नये म्हणून ही व्यवस्था केलेली आहे. पैसे पाठवण्याची व बँकांची अनेक अ‍ॅप्सही रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत.

ज्यांनी आधीच रूट केले आहे त्यांची तक्रार वेगळी असते. एक दिवस प्रणालीचे अपडेट येते आणि किल्ली गायब होते. असे का व्हावे? पूर्वी ही किल्ली, म्हणजे ‘सू’ नावाचा छोटा कार्यक्रम, पहिल्या खोलीत ठेवत असत. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोन चालू होताना त्या खोलीची काटेकोर तपासणी होऊ लागली. एक अक्षर बदललेले असले तरी ते पकडले जाते. म्हणून मॅजिस्कसारखी साधने किल्ली दुसऱ्या खोलीत, फोन चालू करणाऱ्या कार्यक्रमात दडवतात. अपडेट आले की कंपनी तो कार्यक्रम सबंधच नवा घालते, आणि त्यासोबत किल्ली जाते. मॅजिस्कचे अ‍ॅप मात्र तिसऱ्या खोलीत असल्यामुळे पडद्यावर दिसतच राहते, आणि मालक बुचकळ्यात पडतो. उपाय एकच: नव्या आवृत्तीचा तोच कार्यक्रम घेऊन त्यात पुन्हा दुरुस्ती करायची. जुन्या आवृत्तीचा घातला तर फोन चालू होता होता परत बंद पडण्याच्या फेऱ्यात सापडू शकतो. तिसरी खोली काठोकाठ भरली असेल तरीही रूट बिघडलेले दिसते. कोणत्या अ‍ॅपला परवानगी दिली याची वही याच खोलीत असते, आणि जागा नसेल तर त्या वहीत नवी ओळ लिहिता येत नाही. म्हणजे येथेही आधी जागाच करावी लागते.

ही जागा बहुधा चित्रफितींनी अडवलेली असते. ‘सुप्रभात’च्या संदेशांचा वाटाही काही लहान नाही! आणि पुसलेले चित्र लगेच जात नाही. बहुतेक फोनांत ते ३० दिवस कचरापेटीत पडून असते आणि तेवढीच जागा खात असते.

हे स्वतः ताडून पाहा. सेटिंगमधील स्टोरेजचा आकडा वहीत लिहा. घरच्यांना विचारून नको असलेली एक मोठी चित्रफीत पुसा आणि आकडा पुन्हा पाहा. मग गॅलरीतील कचरापेटी रिकामी करून तिसऱ्यांदा पाहा. तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा आणि जागा नेमकी कोणत्या पायरीला सुटली ते वर्गात सांगा.