गिरणी सरकारची झाली म्हणजे क्रांती झाली?

अकोल्यातली सावतराम मिल, मोहता मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल १९७४ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या झाल्या. शेठ गेला, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ आलं. क्रांती म्हणजे हेच, आणि अराज्यवादी (अ‍ॅनार्किस्ट) म्हणजे नुसता धुमाकूळ घालणारे, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. दोन्ही समज चुकीचे आहेत.

अराज्यवाद्यांचा सवाल असा: मालक बदलला, पण हुकूम वरूनच सुटत राहिला, तर कामगाराच्या पदरात काय पडलं? गिरणी तिथे राबणाऱ्यांनीच चालवावी. हा पुस्तकी हट्ट नाही. अकोल्याच्या दोन्ही मिल पुढे बंद पडल्या. अचलपुरात महामंडळाने सुरू केलेली फिनले मिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. तिचं काय करायचं ते दिल्लीत ठरणार. कामगारांच्या हाती मोर्चा आणि निवेदन.

त्यांचा युनियनला विरोध असतो, हेही खरं नाही. १९१० साली स्पेनच्या बार्सिलोनात स्थापन झालेली 'सीएनटी' ही बलाढ्य कामगार संघटना त्यांचीच. १९३६ च्या जुलैत लष्करी बंड मोडल्यावर त्या शहरातल्या ट्राम कामगारांनी स्वतः चालवल्या. मात्र युनियनवरून त्यांच्यात आपसात वाद होता. १९०७ च्या अराज्यवाद्यांच्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेत पिएर मोनातचं म्हणणं पडलं की क्रांती युनियनच घडवेल. एरिको मालातेस्ताने बजावलं की युनियन हवीच, पण ती आपोआप क्रांतिकारी होत नाही. पगारी पुढारी जागेला चिकटतात. मला मालातेस्ता पटतो. मुंबईचा १९८२ चा संप आठवा. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार कामगार-नेते दत्ता सामंतांमागे, आणि १९४६ च्या कायद्याने बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनकडे! (सामंत अराज्यवादी नव्हते, हेही सांगून टाकतो.)

१ मे हा कामगार दिन रशियातून आला, असंही ऐकू येतं. तो आला शिकागोतून. आठ तासांच्या मागणीसाठी १८८६ साली तिथे संप झाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात पुढच्या वर्षी चौघे अराज्यवादी फासावर गेले. आपल्याकडे मात्र जिनिंग-प्रेसिंगसारख्या हंगामी कारखान्यांत १९३४ च्या कायद्यानेसुद्धा दिवसाला ११ तास राबवून घेता येत असे.

आणि हे सगळं परदेशी खूळ म्हणावं, तर एम. पी. टी. आचार्य आहेत. १९२० साली ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत असलेला हा मद्रासचा माणूस पुढे अराज्यवादी झाला, १९३५ ला मुंबईत परतला, लिहीत राहिला आणि १९५४ साली तिथेच वारला.

कामगारांना कारखाना चालवता येत नाही, हा शेवटचा समज. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा कारखाना १९८८ साली कामगारांच्या सहकारी संस्थेने ताब्यात घेतला आणि काही वर्षं चालवलाही. त्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.