धारावीच्या आमदाराकडे काय मागायचं?

धारावीचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाची दोन मतं तयार असतात. एक वस्तीबद्दल, दुसरं तिथल्या आमदाराबद्दल. दोन्ही बहुधा ऐकीव. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी ज्योती गायकवाड इथून पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आल्या. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या मतदारसंघाबद्दल जे सर्रास बोललं जातं, ते एकदा तपासून पाहायला हवं.

गैरसमज: मतदारसंघ राखीव आहे, म्हणजे तिथे मतं एकाच समाजाची.

राखीव असते ती उमेदवारी, मत सगळ्यांचं. धारावीत तर ‘सगळे’ या शब्दाला फार मोठा अर्थ आहे. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार, चामड्याच्या गाळ्यांत खपणारे मुसलमान कारागीर, तिरुनेलवेलीकडून आलेली तमीळ कुटुंबं, तेरा कंपाउंडमध्ये प्लॅस्टिक निवडणारे उत्तर भारतीय मजूर आणि या सर्वांच्या आधीपासून खाडीकाठी राहणारे कोळी. माटुंगा लेबर कॅम्पही इथलाच. अण्णा भाऊ साठे आणि बाबूराव बागूल यांच्या आयुष्याचा एक काळ त्या कॅम्पात गेला. जिंकायचं तर या सगळ्यांच्या दारात जावं लागतं.

गैरसमज: धारावी म्हणजे आशियातली सर्वांत मोठी झोपडपट्टी.

कराचीच्या ओरंगी टाऊनची लोकवस्ती धारावीपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण क्रमांकाचा वाद सोडून देऊ. या एका शब्दामुळे होणारं नुकसान वेगळंच आहे. ‘झोपडपट्टी’ म्हटलं की फक्त राहण्याची जागा डोळ्यांसमोर येते आणि काम दिसेनासं होतं. इथे खाली गाळा, वर माळा, अशी घरं आहेत. खाली शिलाई यंत्रं चालतात, वर कारागीर झोपतात. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा पुनर्विकासाचा प्रश्न समजत नाही.

गैरसमज: धारावी गायकवाडांची, तिथे दुसरं कुणी निवडून येत नाही.

एकनाथ गायकवाड १९८५, १९९० आणि १९९९ मध्ये इथून निवडून आले. थोरली मुलगी वर्षा २००४ ते २०१९ अशा सलग चार निवडणुका जिंकल्या. २०२४ मध्ये त्या मुंबई उत्तर मध्यमधून लोकसभेवर गेल्या आणि विधानसभेची उमेदवारी धाकट्या बहिणीला मिळाली. इतक्या मोठ्या वस्तीत काँग्रेस पक्षाला घराबाहेरचा एकही कार्यकर्ता सापडू नये, ही टीका मला रास्त वाटते. मात्र ती पक्षावरची टीका आहे. मतदारांनी १९९५ मध्ये याच धारावीतून शिवसेनेचे बाबूराव माने निवडून दिले होते.

गैरसमज: गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर दोष आमदाराचा.

ही कामं महापालिकेची, आणि तिथला लोकांचा प्रतिनिधी नगरसेवक. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. दाद मागायला नगरसेवकच नव्हता, तेव्हा माणसं आमदाराकडे गेली. ते स्वाभाविक होतं. पण त्यामुळे आमदार म्हणजे मोठा नगरसेवक, ही समजूत आणखी पक्की झाली. आमदारनिधीचंही तसंच. वर्षाचे ५ कोटी रुपये आमदाराच्या हातात येत नाहीत. आमदार कामं सुचवतो, पैसे सरकारी यंत्रणेमार्फत खर्च होतात.

गैरसमज: पुनर्विकास आमदाराच्या हातात आहे. आणि याच्या उलट: विरोधी बाकावरची एकटी बाई काय करणार?

दोन्ही समजुती चूक आहेत, आणि एकत्रच पाहिल्या पाहिजेत. राज्य सरकारने या प्रकल्पाला मान्यता दिली २००४ मध्ये. पुढे सेकलिंक कंपनीने ज्यात ७,२०० कोटींची बोली लावली होती, ती निविदा प्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सरस ठरली. प्रकल्पासाठी स्थापन झालेल्या कंपनीत अदानींचा वाटा ८० टक्के, राज्य सरकारचा २०. यातल्या एकाही कागदावर धारावीच्या आमदाराची सही लागली नाही. दोघी बहिणी या प्रकल्पाच्या आजच्या स्वरूपाला जाहीर विरोध करत आल्या, तरी तो पुढे सरकलाच.

पण निर्णय गृहनिर्माण खात्याचा आहे, म्हणूनच जाब विचारण्याची जागा विधानभवन आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न होतात आणि बोललेलं नोंदीत राहतं. उद्या कुणी न्यायालयात गेलं तर ती नोंद हाताशी असते. २०२४ च्या निवडणुकीत २८८ जणांच्या सभागृहात २१ स्त्रिया निवडून आल्या, आणि त्यांत विरोधी पक्षाच्या एकट्या ज्योती गायकवाड. म्हणजे धारावीच्या बाईची बाजू मांडणाऱ्या एका आवाजाला तिथे किती जपून वापरलं पाहिजे, हे कळावं.

विचारण्यासारखं पुष्कळ आहे. नियमानुसार १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या पात्र कुटुंबाला धारावीतच ३५० चौरस फुटांचं मोफत घर. २००० ते २०११ मधल्यांना धारावीबाहेर, अडीच लाख भरून. माळ्यावर राहणाऱ्यांनाही बाहेरच, भाड्याने राहून पुढे मालकी मिळवायची. धारावीत आज ज्या शब्दाने माणसं हबकतात तो शब्द आहे ‘अपात्र’. माळ्यावरची बाई जिना उतरली की कामावर पोचते; घर दूर गेलं की तिचं काम तिच्यामागे जात नाही. कुंभाराला इमारतीत खोली मिळेल, पण मडकी भाजायची भट्टी कुठे पेटणार? माळ्यावरची किती कुटुंबं मोजली गेली, किती वगळली आणि भट्ट्यांसाठी जागा नकाशात कुठे दाखवली आहे, हे प्रश्न येत्या अधिवेशनात पुकारले जातात की नाही, ते पाहण्यासाठी धारावीकरांनी कामकाजपत्रिका मागवून वाचावी.