मेरेडिथ यांचे ऑक्सफर्ड

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले आई-वडिलांना हौसेने नायगारा दाखवतात. दोन दिवसांची सवड असेल, तर मेम्फिसपासून सुमारे १३० किलोमीटरवरचे, मिसिसिपी राज्यातील ऑक्सफर्डही पाहावे. मधोमध कोर्टाची पांढरी इमारत, भोवती चौक, तिथेच ‘स्क्वेअर बुक्स’ हे पुस्तकांचे दुकान. कादंबरीकार विल्यम फॉकनर यांचे घरही गावातच आहे.

पण आपली पावले वळावीत ती विद्यापीठाकडे. १८४८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या इमारतींसाठी गुलामांनी घाम गाळला. वर्गाचे दार मात्र काळ्यांना बंद! जेम्स मेरेडिथ कोर्टात लढले, जिंकले. ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री गोऱ्यांच्या जमावाने दंगल केली. दोघांचा बळी गेला. दुसऱ्याच दिवशी मार्शलांच्या पहाऱ्यात मेरेडिथ यांनी नाव नोंदवले आणि १९६३ मध्ये पदवी घेतली. २००६ पासून तेथे त्यांचा पुतळा उभा आहे. दाराच्या दिशेने चालणारा.

महाडचे तळे असो की विद्यापीठाचे दार, तिथवर कोणीतरी आधी चालत जावे लागते. नातवंडांना तो पुतळा अवश्य दाखवा.