पाटी, फळा आणि तळफळा

लाकडी चौकटीत बसवलेला काळ्या दगडाचा पातळ तुकडा, चौकटीच्या कोपऱ्याला भोक, त्यातून ओवलेल्या सुतळीला पुसायची चिंधी. वेदगंगेकाठच्या मुरगुडात आणि आसपासच्या गावांत कित्येक पिढ्यांचं शिक्षण या वस्तूपासून सुरू झालं. बसायला तरट नाहीतर घरचं बस्कर, खाली शेणानं सारवलेली जमीन. थुंकीनं पाटी पुसली की गुरुजी रागावत, म्हणून पाणी लावायचं आणि चिमणीला वारा घालायला सांगत ती हवेत हलवायची. काळेपणा उडाला की कोळसा घासायचा. फुटली तर घरी मार ठरलेला.

तिच्याआधी धूळपाटी होती. पंतोजींच्या शाळेत मुलं फळीवर धूळ पसरून अक्षरं गिरवत. हात बसला की मग बोरू, दौत आणि कागदावर मोडीचं वळण. थोरली मुलं धाकट्यांकडून उजळणी म्हणवून घेत. मद्रासेत अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं वाळूत लिहिणारी मुलं पाहिली, मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि 1797 साली त्यावर पुस्तक काढलं. इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळा पुढे या पद्धतीवर चालल्या. ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत सांगितली पाहिजे.

जपानमध्येही जुनी शाळा अशीच होती. तेराकोया नावाच्या त्या शाळांत प्रत्येक मुलासमोर बुटकं मेज, ज्याचा त्याचा कित्ता निराळा, आणि एकच कागद पुरता काळा होईपर्यंत त्यावरच गिरवणं. 1872 साली तिथं नवी शिक्षणव्यवस्था जाहीर झाली. टोकियोच्या शिक्षक प्रशिक्षण शाळेत मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकानं फळा, भिंतीवरचे तक्ते आणि पाट्या वापरून एका वेळी सगळ्या वर्गाला शिकवायची रीत दाखवली. ज्याच्या त्याच्या कित्त्यात मान घालून बसलेली मुलं एका फळ्याकडे तोंड करून बसू लागली. बाक, खिडक्या, खोलीचा आकार, सगळंच मग फळ्याच्या हिशेबानं ठरत गेलं.

कोल्हापूर संस्थानात सगळ्या मुलांना शाळेत बसवण्याची वेळ राजर्षी शाहू महाराजांनी आणली. 1917 साली त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. 1918 मध्ये करवीर भागातल्या चिखलीत या योजनेतली पहिली शाळा निघाली. पुढच्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. इमारतींसाठी कुणी थांबलं नाही. देऊळ, चावडी, धर्मशाळा, जिथं छप्पर मिळेल तिथं वर्ग भरले. कायद्यानं मूल शाळेत आलं, पण कुणब्याच्या घरातलं मूल तिथं टिकलं ते पाटीमुळे, असं मला ठामपणे वाटतं. कागद-शाईचा खर्च सारखा चालूच राहतो. पाटी एकदाच घ्यायची, आणि थोरल्याची धाकट्याला चालते. चुकलेलं पुसताही येतं.

हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार मांडणाऱ्या 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर वर्गात टकळी आली, सूतकताई आली. त्या विचारातले ‘जीवन शिक्षण’ हे शब्द आजही कितीतरी शाळांच्या नावांत आहेत. टकळ्या मात्र गेल्या. 1987 साली केंद्र सरकारला खडू-फळा मोहीम काढावी लागली: शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळे, नकाशे, तक्ते. स्वातंत्र्याला चाळीस वर्षं होऊनही फळ्यासाठी योजना लागावी, याचा सल अजून जात नाही.

आता टीव्ही संच आले, पांढरे फळे आले. मला मात्र जिल्हा परिषदेच्या शाळांतला तळफळा सगळ्यांत मोलाचा वाटतो. भिंतीचा खालचा पट्टा मुलाच्या उंचीपर्यंत काळा रंगवायचा आणि त्याचे चौकोन पाडायचे. पहिलीतलं मूल आपल्या चौकोनापुढं मांडी घालून बसतं, खडूनं वाटेल तेवढं मोठं अक्षर काढतं, तळव्यानं पुसतं आणि पुन्हा काढतं. चाळीस मुलांमधून फिरणाऱ्या बाईंना कोण कुठं अडलंय ते एका नजरेत कळतं. काळा रंग आणि खडूची पेटी, खर्च एवढाच. नव्या खोल्यांचे आराखडे करताना खिडक्या थोड्या वर घ्याव्यात आणि भिंतीचा हा पट्टा मुलांसाठी मोकळा ठेवावा.