नुसतं बसायला शिका!

‘डोकं शांत करायचंय’ म्हटलं की नाशिककरांना इगतपुरीचं धम्मगिरी आठवतं. गोएंका गुरुजींच्या या केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवसांचं शिबिर, जवळजवळ सगळा वेळ मौन, मोबाइल-पुस्तकं बंद. पण पहाटे चारला उठून रोज दहा तास साधना, याला आराम कसं म्हणायचं!

मी म्हणतोय ते नुसतं बसणं. गंगापूर धरणाच्या काठी, इअरफोनशिवाय. मेंदू तेव्हा झोपत नाही बरं का. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के असलेला हा गडी सुमारे २० टक्के ऊर्जा खातो आणि आपण रिकामे असतानाही ती फारशी कमी होत नाही. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रायकल यांनी २००१ मध्ये मांडलं की मेंदूचे काही भाग उलट अशा वेळीच जास्त जागे असतात. आठवणी चाळणं, उद्याचे बेत आखणं तिथंच चालतं. सिग्नलला रील उघडली, की ती संधी गेली.