अडचणीतून उद्योग कसा निघतो?

जमीन संपादनात गेली, मोबदल्याची रक्कम हाती आली, आता धंदा कोणता करावा, हा प्रश्न शहरांलगतच्या पुष्कळ शेतकरी घरांत आज उभा आहे. ठाणे खाडीच्या पूर्वेकडील बोनकोडे गावास या प्रश्नाची ओळख जुनी आहे. १९७० साली सिडको महामंडळ स्थापन झाले, नवी मुंबई वसविण्याचे काम त्याजकडे आले, आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी त्या कामी लागल्या. खाडीकाठच्या या पट्टीत भात, मीठ व मासळी यांवर लोकांचा निर्वाह चाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचे धोरण पुढे आले. एवढी किंमत देऊन जे मिळाले, ते टिकवावे कसे?

न्याय्य मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु मोबदला म्हणजे धंदा नव्हे. शेत दरसाल पिकते. रोकड एकदाच येते आणि लग्नकार्यात, घरबांधणीत व गाडीघोड्यात सरून जाते. उरलेल्या रकमेने शेजाऱ्याचे पाहून तोच धंदा थाटला, तर एकाच गल्लीत चार दुकाने होतात आणि चौघांचेही पोट भरत नाही. आमचे सांगणे असे की, धंदा शोधताना शेजाऱ्याच्या दाराकडे न पाहता आपण स्वतः सोसलेल्या अडचणीकडे पाहावे. ज्याने काटा सोसला, त्यास तो कोठे रुततो हे नेमके ठाऊक असते.

या बाबतीत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र शेतकऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईस गेले. पण डोळ्यांस रंगांचा भेद नीट कळत नाही असे आढळून आल्याने ती वाट बंद झाली. रंग गेले, रेषा राहिली. ते यंत्रांची रेखाटने करू लागले व पुढे तो विषय शिकवू लागले. नोकरीत बढतीच्या वेळी त्यांस डावलण्यात आले, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बेळगावी भावासह चालविलेल्या सायकलींच्या दुकानात पूर्ण लक्ष घातले. तेथून कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर, असा त्यांचा उद्योग वाढत गेला.

आपला लाकडी नांगर जमीन फोडतो, पण तास उलटवीत नाही. भारी काळ्या जमिनीत त्यास अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगराचे पंख माती उलटवून तण खाली गाडतात. इतका उघड फायदा असूनही लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी त्यास हात लावीनात. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातील कारखान्याची जागा शहराच्या विस्तारासाठी सोडावी लागली. म्हणजे आज बोनकोड्यास जे भोगावे लागले, ते किर्लोस्करांसही चुकले नव्हते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेली ओसाड जागा दिली आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. प्रत्येक वेळी गेले किती, याच्या आधी हाती उरले काय, याचा हिशेब या गृहस्थाने मांडला, हे त्यातील मर्म होय.

एकट्याची अडचण जशी उद्योगास जन्म देते, तशी अनेकांची समाईक अडचणही देते. नगर जिल्ह्यातील प्रवरा कालव्यावरचा शेतकरी ऊस पिकवी. पण १९३० च्या सुमाराच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि सावकाराचे देणे मात्र तसेच राहिले. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी हे दुःख जवळून पाहिले होते. ऊस आपला, तर कारखानाही आपलाच का नसावा, असा विचार करून गावोगाव भाग-भांडवल गोळा करण्यात आले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. १९४८ साली संस्थेची नोंदणी झाली आणि १९५० साली शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना सुरू झाला.

तथापि प्रत्येक अडचण धंद्याच्या उपयोगाची नसते. तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, ही अडचण आपल्या एकट्याची आहे की पुष्कळांची? दुसरी, ती दूर करण्यासाठी लोक पैसे देतील काय? नुसत्या सहानुभूतीवर दुकान चालत नाही. तिसरी, थोड्या भांडवलात प्रयोग करून पाहता येईल काय? किर्लोस्करांनी आरंभ कारखान्याने केला नाही, सायकलींच्या दुकानाने केला. लोकांचा अविश्वास ओसरेपर्यंत तग धरण्याइतकी शिल्लक गाठीस ठेवावी. भूखंड विकून अगर गहाण टाकून सारे भांडवल एकाच डावावर लावणे आम्हांस अत्यंत अनिष्ट वाटते.

आता खाडीकाठच्या तरुणांस एक सूचना करावीशी वाटते. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तुमच्या वाडवडिलांनी बांध घातले, उघाड्या बसविल्या. ओहोटीस दार उघडावयाचे आणि भरतीस मिटावयाचे, हे ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. नवी मुंबईचे धारण तलावही याच तत्त्वावर चालतात. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकत्र आली की सखल भागांत पाणी तुंबते, आणि तेथील रहिवाशांस पंप, गटारे व नाले यांची चोख निगा राखणारा माणूस हवा असतो. शेत वाचविण्यासाठी जे ज्ञान कष्टाने मिळविले, त्यास यंत्रविद्येची जोड देऊन चार-पाच जणांनी मिळून असे काम अंगावर घेतले, तर ती जुनी अडचण आजची मिळकत ठरेल.

जमिनीचा दस्त दुसऱ्याच्या नावे होऊ शकतो. त्या जमिनीने शिकविलेले कसब कोणासही संपादन करता येत नाही. ते मात्र वापरावाचून गंजू देऊ नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.